एका सामोचा खरा दावा

वाहिगुयाकोशावर कुणाचं भांडण लागलं की ते कासिमिर टोएकडे जायचं, आणि कासिमिर ते एका वाक्यात मिटवायचा. वाक्य साधारण एकच असे. "ही वस्तू मुळात आमची, सामो लोकांची; तुम्ही दोघे गुलाम कशाला तंडताय?"

वाहिगुयाकोश म्हणजे आमच्या गावाचा ज्ञानकोश. फोनवर कुणीही उघडावा, कुणीही लिहावं, दुसऱ्याने लिहिलेलं कुणीही पुसावं. सभासद तीस. त्यातले सहा लिहीत आणि चोवीस भांडत. स्टेशन रस्त्यावर चवळीच्या भज्यांची पहिली टोपली कुणाच्या आजीने मांडली, धरणाचा बांध कुठल्या साली फुटला, सत्त्याऐंशीच्या सामन्यात तिसरा गोल झाला की पंचाने दिला, अशा विषयांवर सख्खे शेजारी एकमेकांची वाक्यं दिवसातून वीस वेळा उलटवत. मग कुणीतरी चर्चेच्या पानावर लिही, "टोएला बोलवा."

टोए येई आणि भज्यांची टोपली सामो लोकांची असल्याचं जाहीर करी. बांध सामोंनी घातला, फुटला तो यादसेंनी हात लावला म्हणून, आणि तिसरा गोल त्याच्या चुलत्याने केला, असं लिही. त्याचा चुलता जन्मात वाहिगुयाला आला नव्हता. झालं. भांडणारे दोघेही यादसे असत. गावच यादसेंचं. ते दोघे आपापसातलं सोडून या परक्यावर तुटून पडत, कुत्रं खाणाऱ्या जमातीला चवळी काय कळणार म्हणत, आणि त्या दंग्यात मूळ भांडण कुठे विरघळून जाई ते कुणाला कळत नसे. दुसऱ्या दिवशी दोघांना मान्य होईल असं वाक्य पानावर दिसे. खाली टोएची सही.

हे चाले याचं कारण राकीरे. सामो आणि यादसे एकमेकांना वाटेल ते बोलू शकतात, ही पूर्वजांनी घालून दिलेली थट्टा आहे. तिच्यात राग येणं हाच गुन्हा. आणि तिला सुट्टी नसते.

तर हा कासिमिर. सामोंच्या तुगान गावाकडचा. पोस्टात पत्रं निवडायच्या नोकरीवर वाहिगुयाला आला तेव्हा तिशीचा होता. निवृत्त झाला तोपर्यंत गावातला एकूण एक माणूस त्याला अक्षरावरून ओळखू येत होता. नऊ नंबरच्या सेक्टरात दोन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्यापुढे नीम. मुलगी बोबो शहरात दिलेली. ती रविवारी फोन करी, जेवलात का विचारी, तो हो म्हणे.

बायको ओडील चौदा महिन्यांपूर्वी गेली होती.

घरातून निघून पाण्याच्या नळापर्यंत जायचं तर कासिमिरला सात शिव्या ओलांडाव्या लागत. शिंपी मशीनवरून मान न काढता म्हणे, "कुत्री आत घ्या रे, सामो निघाला." भाजीवाली म्हणे, "अजून जिवंत? आम्ही तर जागा बघून ठेवली होती." कासिमिर प्रत्येकाला जागच्या जागी परतफेड करी. त्याची जीभ त्यासाठी घासूनपुसून तयार असे. बादली भरून परत येई, दार लोटून घेई, आणि मग घरात फक्त बादलीतलं पाणी हलत असे. दिवसात पन्नास माणसं त्याच्याशी बोलत. त्याला काही विचारणारं त्यात कुणी नसे. ज्याच्याशी थट्टा करायची त्याला कसा आहेस असं विचारायचं नसतं, ते जरा अपमानासारखंच वाटतं.

ओडीलच्या मातीलाही तसंच झालं होतं, म्हणजे रीतसर झालं होतं. सेक्टरातल्या यादसेंनी कबर अडवली. दोघे आत आडवे झाले आणि म्हणाले, ही जागा आमची, सामोंना फुकट मिळायची नाही. मोपेडच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा इसुफ बेलेम ओडीलचा पांढरा एप्रन घालून आला. तिच्यासारखाच डावा पाय जरा फेकत चालला, आणि जमलेल्या बायकांवर ओरडला, "ओरडतेस काय, जोर लाव. नवऱ्यावर ओरडायचं ते घरी गेल्यावर ओरड." हुबेहूब ओडील. बायका डोळे पुसत पुसत हसल्या. कासिमिर सगळ्यांत जास्त हसला. मयत चांगली झाली असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. पाद्री तेवढे गंभीर होते, पण त्यांचं ते कामच.

सुईण होती ओडील. सरकारी प्रशिक्षण घेतलेली. शहाऐंशी साली या सेक्टरात प्रसूतिशाळा नव्हती. मोठा दवाखाना धरणापलीकडे, आणि पावसाळ्यात वाट पाण्याखाली. पहिली बाई हातगाडीवरून आली ती याच व्हरांड्यात थांबली, कारण पुढे जायला वेळ उरला नव्हता. मग दुसरी आली. आठ वर्षं त्या फरशीवर पोरं जन्मत राहिली आणि कासिमिर पोस्टातून आला की नीमखाली बसून आत जायची परवानगी मिळायची वाट बघत राहिला. चौऱ्याण्णव साली बेलेमच्या काकांनी, सेक्टरचे वडीलधारे हमादो बेलेम यांनी, आपली जमीन दिली, भिंती उभ्या राहिल्या, नावाचा दगड बसला. ओडील आपली कात्री आणि पातेली घेऊन चालत तिकडे गेली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली.

कोशावर त्या प्रसूतिशाळेचं पान होतं. पानावर लिहिलं होतं, "ही प्रसूतिशाळा १९९४ साली हमादो बेलेम यांनी सुरू केली." हे पान कासिमिरने वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि त्यात त्याला काही खटकलं नव्हतं. ओडील घरातच होती, तेव्हा ती पानावर आहे की नाही हे बघायचं सुचलं नव्हतं. चौदा महिने झाल्यावर एका मंगळवारी सकाळी त्याने ते पान उघडलं आणि वरून खालपर्यंत वाचलं. तिचं नाव कुठेही नव्हतं.

त्याने एक वाक्य घातलं. पोस्टातल्या माणसासारखं, नेमकं. "त्याआधी आठ वर्षं या सेक्टरातल्या स्त्रिया ओडील टोए यांच्या व्हरांड्यात बाळंत होत; प्रसूतिशाळेचं काम तिथूनच सुरू झालं."

अर्ध्या तासात बेलेमने ते काढलं. बेलेम दुकानाच्या गल्ल्यावर बसून दिवसभर कोशच बघत असे, गिऱ्हाईक मध्ये येई. काढण्याचं कारण त्याने लिहिलं होतं, "बाजार सामोंचा, धरण सामोंचं, आता वाहिगुयात पोरं जन्मायला लागली तीही सामोंमुळे. हसून पोट दुखलं."

कासिमिरने वाक्य परत लावलं. कारणाच्या जागी लिहिलं, "हे खरं आहे."

बेलेमने परत काढलं. "गुलाम आता 'खरं आहे' असंही लिहायला शिकला." खाली आणखी बारा जणांनी आपापली भर घातली.

तिसऱ्यांदा लावताना कासिमिरने बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, "गंमत नाही. कृपया."

त्या कृपयाने घात केला. सामो यादसेला कृपया म्हणाला, हे अख्ख्या कोशाच्या इतिहासात घडलं नव्हतं. लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. संध्याकाळपर्यंत ते मुखपृष्ठावर आठवड्याचं वचन म्हणून झळकलं, आणि वाक्य तिसऱ्यांदा गेलं. चौथ्यांदा लावता येत नव्हतं. एका दिवसात कुणीही आपलं वाक्य तीनच वेळा लावू शकतो, चौथ्यांदा लावणाऱ्याला आठवडाभर कुलूप, हा नियम कोशावर होता. नियम कासिमिरनेच केला होता.

बुधवारी तो बेलेमच्या दुकानात गेला. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती.

"कुत्रं बांधा रे," बेलेम म्हणाला. "मालक आले. काय मालक, आज आमच्यावर काय हक्क सांगणार? दुकान?"

"बेलेम, एक काम होतं."

बेलेमने हातातला स्पार्क प्लग खाली ठेवला. "काय होतं?"

"काम."

"ताप आहे का तुला?"

"नाही."

"मग शिवी कुठाय? दारात विसरून आलास?"

"ते ओडीलचं वाक्य," कासिमिर म्हणाला. "ते राहू दे ना."

बेलेम गिऱ्हाइकांकडे वळला. "ऐकलंत? लिहून भागलं नाही, आता तोंडाने मागतोय. कसा चेहरा करून मागतोय बघा, यालाच कलाकार म्हणतात." मग कासिमिरला म्हणाला, "बरं, दिली. प्रसूतिशाळा तुमची. पण मग तिच्यात जन्मलेली पोरंही तुमची. चार हजार तरी असतील. उद्यापासून तुझ्याकडे जेवायला पाठवतो."

गिऱ्हाइकं खिंकाळली. कासिमिरने तोंड उघडलं ते नाही म्हणायला. पण अडतीस वर्षं घासलेली जीभ, तिने परवानगी मागितली नाही. "पाठव," ती म्हणाली. "फक्त तोंडं झाकून पाठव. यादसेंची तोंडं समोर असली की मला घास उतरत नाही."

बेलेमने हसून डोळे पुसले. कासिमिर बरा आहे हे बघून त्याला हायसं वाटलेलं दिसत होतं. रस्त्यावर आल्यावर, शिंप्याच्या कोपऱ्यापाशी, कासिमिरच्या लक्षात आलं की बेलेमने तीनदा काढलेलं वाक्य आज चौथ्यांदा त्याने स्वतःच काढलं होतं.

आता गावात एकच माणूस उरलं होतं. कादिदिया बोली. ही पेल जमातीतली मुलगी वर्षभरापूर्वी जिबोहून घरदार सोडून आलेली, शाळेत संगणक शिकवणारी. कोशावर तिला दुसरी निवाडा करणारी म्हणून नेमलं होतं, पण तिच्याकडे कुणी भांडण नेत नसे. तिचं थट्टेचं नातं ना सामोंशी ना यादसेंशी, त्यामुळे तिच्यापुढे भांडायला मजा नाही, असं लोकांचं मत. ती नियम वाचून दाखवी.

शनिवारी युवक केंद्राच्या खोलीत कासिमिर तिच्यासमोर बसला आणि बेलेमने काय केलं, आपण काय केलं, सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने कागद घेतला.

"पापा, व्हरांड्यात पहिली बाई कधी आली?"

"शहाऐंशी. जून."

"हे कुठे लिहिलेलं आहे?"

"ओडील वह्या ठेवायची. बाईचं नाव, वेळ, मुलगा की मुलगी."

"वह्या कुठायत?"

"शेंगदाणेवालीला दिल्या. पुड्या बांधायला. ओडीलनेच दिल्या. मी म्हटलं, अगं, राहू देत. तर म्हणाली, पोरं रस्त्यात फिरतायत की, वह्या कशाला हव्यात."

कादिदियाने ते लिहिलं नाही. "दवाखान्यातली नोंद?"

"चौऱ्याण्णवपासूनची."

"वर्तमानपत्रात काही? चर्चच्या पत्रकात?"

"नाही."

"त्या बायकांपैकी कुणी?"

"आहेत ना. निम्मा सेक्टर आहे. पण तोंडचं चालत नाही." त्याने हा नियम दहा वर्षांपूर्वी केला होता, गावातल्या पहिल्या एकाच सायकलीवर सात घराण्यांचे आजोबा बसायला लागले तेव्हा. कागद, दगड किंवा छापील पान. माणसाचं तोंड पुरावा नाही.

"मग पापा, मला ते वाक्य ठेवता येत नाही," ती म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवलं तर सोमवारी पंधरा जण आजोबांना घेऊन येतील."

"येतील," तो म्हणाला. "पंधरा कसले, वीस येतील."

"तुम्हाला राग आला असेल."

"नाही. मीही हेच केलं असतं. वर एक शिवी दिली असती, तेवढंच."

तिने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, किल्ली काढली. मग उभ्याउभ्याच म्हणाली, "मी आले तेव्हा त्या गेल्या होत्या. मला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या तुमच्या बायको. देव त्यांची जागा गार करो."

हे सगळेच म्हणतात, कुणाचंही कुणी गेलं की. कासिमिरने स्वतः शेकडो दारांत म्हटलं होतं. त्यावर काय म्हणायचं असतं हेही लहान पोराला माहीत असतं. पण त्याला ते आठवेना. समोरच्या टेबलावर कुणीतरी खडूने रेघ मारलेली होती, ती तो बोटाने पुसत राहिला. कादिदिया दाराला कुलूप लावत होती तेव्हा कुठे त्याला तो आमेनचा शब्द सापडला.

"आमिना," तो म्हणाला.

"आमिना," ती म्हणाली, आणि आपल्या वाटेने गेली.

सोमवारी त्याने चर्चेच्या पानावर निवाडा लिहिला. भांडण त्याचं होतं, पण भांडणं बंद करायचं कामही त्याचंच होतं, आणि कादिदियाने आपलं मत वर मांडलेलं होतं. त्याने लिहिलं, "पुरावा नाही. वाक्य काढलेलंच राहील. कासिमिर टोए." पुढे काही लिहिलं नाही.

लोक थांबले. निवाड्याखाली शिवी येते, मग त्यांना शिवी देता येते, हा क्रम. शिवी आली नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मंगळवारी कुणीतरी लिहिलं, "टोए, बाकीचं राहिलं." बुधवारी दुसऱ्याने विचारलं, "बरे आहेत ना ते?" मग त्या पानावर कुणी काहीच लिहिलं नाही. मुखपृष्ठावरचं आठवड्याचं वचनही कुणीतरी गुपचूप उतरवलं. नळावर जाताना शिंप्याने मशीनवरून मान वर काढली, त्याच्याकडे पाहिलं, आणि परत खाली घातली.

गुरुवारी दुपारी बेलेम आला. पायी आला. मोपेडच्या दुकानाचा मालक पायी आला म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. व्हरांड्यात खुर्ची होती ती त्याने स्वतःच ओढून घेतली. कासिमिरने आलं घातलेलं झूमकूम, बाजरीच्या पिठाचं पेय, दोन पेल्यांत ओतलं. बाजरीचा साका खाली बसला तरी बेलेमने पेला उचलला नाही.

"तू ते खरं लिहिलं होतंस?" त्याने विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे." बेलेमने खुर्चीशेजारच्या फरशीकडे पाहिलं. "माझा इद्रिसा इथेच झालाय. मी त्या नीमखाली होतो. तुझी बायको मला आतून विचारत होती, रडतोयस काय, तुला काही होतंय का."

"मग काढलंस का?"

बेलेमने यावर खरोखर विचार केला. "तू लिहिलंस म्हणून," तो म्हणाला. "तू हक्क सांगायचा, मी हाकलून लावायचं. खरं आहे का खोटं, ते मी बघितलंच नाही. अडतीस वर्षांत कधी बघितलं होतं?"

कासिमिरने आपल्या पेल्यातला एक घोट घेतला.

"परत लावू?"

"पुरावा नाही."

"मी आहे ना पुरावा. इद्रिसा आहे."

"तोंडचं चालत नाही, बेलेम."

"हो. तेही आहे." बेलेमने मान हलवली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आणि काका अजून आहेत. ब्याण्णव झाले. डोळे गेलेत. नात रोज त्यांना ते पान वाचून दाखवते. 'हमादो बेलेम यांनी सुरू केली' आलं की हात वर करतात, परत वाच म्हणतात." तो थांबला. "ते आहेत तोवर मला नाही जमायचं, टोए. नियम असता तरी नसतं जमलं."

"असू दे."

"खरंच?"

"असू दे म्हटलं ना. जमीन त्यांनीच दिली. खोटं काही नाही त्या पानावर."

नीमखाली एक शेळी उभी होती, तिच्याकडे दोघांनी बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं हे दोघे रोज भेटत, आणि रोजच्या रोज एकमेकांची सात पिढ्यांपर्यंत खबर घेत. आज पहिल्यांदाच ते साधे समोरासमोर बसले होते, आणि कुठून सुरुवात करावी हे दोघांनाही येत नव्हतं.

"स्वयंपाक कोण करतं?" बेलेमने विचारलं.

"मीच."

"रोज?"

"रोज."

"हं," बेलेम म्हणाला. "येतो का चांगला?"

"नाही."

बेलेमने मान हलवली. मुलगी कशी आहे विचारलं. बरी आहे. बोबोला पाऊस झाला का. झाला असेल. मग त्याने गुडघ्यांवर हात ठेवले, उठला, दुकान उघडं टाकून आलोय असं काहीतरी पुटपुटला. पायरीपाशी गेला आणि चपलेत पाय घालायला लागला. फार वेळ लावून घालायला लागला. आधी डावी, मग उजवी, मग उजवी काढून झटकली, परत घातली.

तो कशासाठी थांबलाय हे कासिमिरला कळत होतं. हेही कळत होतं की बेलेम असाच गेला तर उद्या नळावर तो जपून बोलेल. मग शिंपी जपून बोलेल. भाजीवाली म्हणेल, नमस्कार, टोएसाहेब. आठवडाभरात सगळा सेक्टर त्याच्याशी मयत झालेल्या घराशी बोलतात तसं बोलायला लागेल. महिनाभरात बोलणंच थांबेल, कारण मयत झालेल्या घराशी माणसं महिनाभरच बोलतात. त्याला विचारलं जावं असं वाटत होतं, आणि आत्ता विचारून झालं होतं. स्वयंपाक कोण करतं, मुलगी कशी आहे, पाऊस झाला का.

त्याने आत काहीतरी शोधलं. जे सापडलं ते फारसं धारदार नव्हतं.

"बेलेम," तो म्हणाला, "चपला बघून घाल. मागच्या खेपेला माझ्या घालून गेलास, बाजारात विकल्यास, आणि मलाच परत विकत घ्यायला लावल्यास."

बेलेम वळला. त्याचा चेहरा सैल झाला, अख्खा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. "कुत्र्या," तो म्हणाला, "जिवंत आहेस की," आणि त्या विनोदाची लायकी होती त्याच्या दुप्पट हसला. पायरी उतरला, गल्लीत शिरला, शिंप्याला हाक मारून चपलांची गोष्ट सांगितली. शिंपी हसला. मग पुढे कुणीतरी हसलं. ते हसू नळापर्यंत ऐकू येत होतं, त्यापुढे वळण आहे.

कासिमिरने आपला पेला संपवला. बेलेमचा भरलेलाच होता. साका तळाशी गेला होता, वर नितळ पाणी. त्याने तो बोटाने ढवळला, पिऊन टाकला, आणि दोन्ही पेले आत नेऊन धुतले.